मदत हवी आहे: जुन्या सबक्लोव्हरची जात कशी ओळखायची?

नमस्कार मंडळी. आम्ही पश्चिम ऑस्ट्रेलियात मेंढ्या पाळतो. यंदा बऱ्याच मेंढ्या गाभण राहिल्याच नाहीत. नर तपासून घेतले, ते ठणठणीत आहेत. आता संशय कुरणातल्या सबक्लोव्हरवर, म्हणजे मातीत बी धरणाऱ्या क्लोव्हर नावाच्या चाऱ्यावर आहे.

१९४० च्या दशकात इथे हेच घडलं होतं. सबक्लोव्हरच्या ड्वालगॅनप जातीच्या हिरव्या पाल्यात फॉर्मोनोनेटिन नावाचं रसायन भरपूर असतं. मेंढीच्या पोटात त्यापासून इक्वॉल हे द्रव्य बनतं आणि ते इस्ट्रोजेन या मादीच्या संप्रेरकासारखं काम करतं. वर्षानुवर्षं चरल्यास वांझपण कायमचं राहतं, म्हणून जीव टांगणीला लागलाय. पुढे कमी फॉर्मोनोनेटिनच्या जाती आल्या, पण आमचं कुरण त्याआधीचं असावं.

काल गुडघ्यावर बसून एक रोप उपटलं. भुईमुगासारखीच तऱ्हा! फुलं मान खाली घालून मातीत शिरलेली, काटेरी बोंडात काळं बी. कठीण कवचाचं हे बी वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं, त्यामुळे नुसतं नांगरून भागणार नाही.

पानावरच्या ठिपक्यांवरून, देठाच्या लवीवरून जात ओळखता येते का? पानांचा नमुना तपासायला द्यायचा तर कोणत्या अवस्थेत तोडावा? आणि कुणी जुनं बी संपवून नवी जात पेरली असेल तर किती हंगाम लागले? कृपया सविस्तर लिहा, पुढच्या पावसाआधी ठरवायचं आहे.