प्रति: वाळवंटी हत्ती ही वेगळी प्रजाती?
वर म्हटलंय की नामिबियाचे वाळवंटी हत्ती ही वेगळी प्रजाती आहे. तसं नाही. आफ्रिकेच्या सवाना (गवताळ प्रदेशातल्या) हत्तींचीच ही प्रजाती. पाण्याविना काही दिवस काढणं, होआनिब नदीच्या कोरड्या पात्रात सोंडेने-पायाने झिरे उकरणं, हे पिल्लं कळपातल्या मोठ्यांकडून शिकतात. म्हणून जुनी हत्तीण मारली गेली की पाणवठ्यांची माहितीच जाते, आणि ती भरून काढायला पिढ्या लागतात.

इथे न आलेला मुद्दा गावकऱ्यांचा. पाण्यासाठी हत्ती शेतकऱ्यांचे पंप, टाक्या, पाइप मोडतात. त्यावर नामिबियातल्याच कुनेने-एरोंगो भागात टाक्यांभोवती जाड दगडी भिंती बांधतात आणि हत्तींसाठी वेगळं पाणी ठेवतात. मला हा उपाय फार मोलाचा वाटतो. नुकसान सोसणाऱ्याला आधी दिलासा मिळायलाच हवा.