रात्री डोकं शांतच होत नाही, कॅमोमाइल घेऊ की अश्वगंधा? अनुभव सांगा

रात्रवेडी: नमस्कार मंडळी, गेले तीनेक महिने कामाचा ताण इतका वाढलाय की आडवं पडलं की दिवसभराचं सगळं डोक्यात परत सुरू होतं, बारा वाजतात, एक वाजतो, आणि झोप लागलीच तरी पहाटे ४ ला टक्क जाग. झोपेच्या गोळ्या एवढ्यात नकोत. कुणी कॅमोमाइल टी सांगतं, कुणी अश्वगंधा, कुणी व्हॅलेरियन (एका वनस्पतीचं मूळ). ज्यांनी स्वतः घेतलंय त्यांनी सांगा ना, कसं घेतलं आणि फरक किती दिवसांत पडला. वय ४१, थायरॉइड कमी आहे म्हणून रोज सकाळी गोळी घेते, बाकी काही नाही.

पारवा: मी कॅमोमाइलवाला. बऱ्याच जणांची एक चूक होते, कप उघडा ठेवतात. त्या फुलांचा वास म्हणजे त्यातलं तेल, ते वाफेबरोबर उडून जातं. त्यामुळे उकळतं पाणी ओतलं की लगेच झाकण आणि १० मिनिटं हात लावायचा नाही. फुलं गॅसवर उकळत बसू नका, उकळायची ती मुळं. त्यात एपिजेनिन नावाचं द्रव्य असतं, ते मेंदूत काही झोपेच्या गोळ्या जिथे काम करतात तिथेच चिकटतं पण फार हलकं, म्हणून गोळीसारखी गुंगी येईल अशी अपेक्षा ठेवू नका, मला फक्त खांदे सैल झाल्यासारखं वाटतं आणि तेवढं पुरतं. झोपायच्या तासभर आधी प्या, नाहीतर मध्यरात्री बाथरूमला उठावं लागेल. शेवंती-झेंडू कुळातल्या फुलांची ॲलर्जी असेल तर मात्र नको, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

मुळाक्षर: अश्वगंधा घ्या ताई. मुळाचा अर्क ३०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, मी दोन महिने घेतला. पहिले १५ दिवस काहीच नाही, मग हळूहळू चिडचिड कमी झाली. शास्त्रीय नावातच सोम्निफेरा आहे, म्हणजे झोप आणणारी.

साधना_के: थांबा थांबा, त्या थायरॉइडची गोळी घेतात असं वर लिहिलंय! अश्वगंधाने थायरॉइडचं हार्मोन वाढू शकतं, त्यावर गोळी म्हणजे डबल. माझ्या बहिणीचं हेच झालं, छातीत धडधड, हात थरथरायला लागले, टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी, हार्मोन जास्त झालं की हा आकडा उतरतो) एकदम खाली. बंद केल्यावर दीड महिन्याने जागेवर आलं. अश्वगंधा गरोदरपणात पण नको, आणि क्वचित कुणाच्या लिव्हरला त्रास होतो, डोळे पिवळे दिसले किंवा अंगाला खाज सुटली तर लगेच बंद. आणि रात्रवेडी, मला खरं विचाराल तर आधी टीएसएच तपासून घ्या, कारण गोळीचा डोस जास्त होत असेल तरी झोप उडते, मग कुठलीही वनस्पती घेतली तरी उपयोग काय?

मुळाक्षर: बरोबर, माझ्या नजरेतून ते निसटलं. सॉरी ताई, नका घेऊ.

निवांत७: व्हॅलेरियनबद्दल. वास भयंकर, घामट मोज्यांसारखा, म्हणून मी कॅप्सूल घेतली. एका रात्रीत काही होत नाही, दोन-तीन आठवडे लागले, आणि याबाबतचे अभ्यासही उलटसुलट आहेत, कुणाला लागू पडतं कुणाला अजिबात नाही. सकाळी डोकं जड राहायचं त्यामुळे गाडी चालवायची असेल तर जपून. दारू किंवा गुंगीच्या गोळीबरोबर अजिबात नाही. लेमन बामही (लिंबाच्या वासाची वनस्पती, चोळायचा बाम नव्हे) सुचवतील लोक, पण थायरॉइडवाल्यांनी तेही विचारूनच. आणि सेंट जॉन्स वर्ट (उदासीवर घेतात ती वनस्पती) चुकूनही मनाने सुरू करू नका, गर्भनिरोधक गोळीचा असर कमी करतं, डिप्रेशनच्या गोळीबरोबर तर धोकाच.

पारवा: लॅव्हेंडर राहिलं. तेलाचे दोन थेंब रुमालावर, उशीजवळ. बाटलीतलं तेल पोटात घ्यायचं नाही. आणि काय घ्याल ते एका वेळी एकच घ्या, तीन गोष्टी एकदम सुरू केल्या तर गुण कशाचा आणि त्रास कशाचा, काही कळत नाही.

रात्रवेडी: किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. साधनाताई, टीएसएच ८ महिने केलेलीच नव्हती, उद्याच करते. कॉफी संध्याकाळी ६ ला घेते, तीही नडत असेल का?

साधना_के: नडणारच. ५-६ तासांनी पण निम्मं कॅफिन अंगात असतं. दुपारनंतर बंद करून बघा.

रात्रवेडी: तीन आठवड्यांनी लिहितेय. टीएसएच खरंच खूप खाली होती, डॉक्टरांनी डोस कमी केला. संध्याकाळची कॉफी बंद, रात्री झाकण ठेवून कॅमोमाइल, रुमालाला लॅव्हेंडर (हे मी एक आठवडा थांबून सुरू केलं). साडेअकरापर्यंत झोप लागते आता. पहाटे जाग अजून येते पण रोज नाही. पुढची टेस्ट महिन्याभराने आहे, रिपोर्ट आला की इथेच टाकते.