घरभेट कुणी करायची: सिस्टरने, आशाताईने की कुणीच नाही?

उपकेंद्रातली जुनी सेविका (धागा सुरू)

गेल्या महिन्यात आम्हा निवृत्त सेविकांचं एकत्र जेवण झालं. नुकतीच नेमणूक झालेली एक पोरगीही आली होती. जेवताना सहज म्हणाली, "मॅडम, घरभेट आता आशाचं काम. आपलं लसीकरणाचं सत्र आणि ऑनलाइन एन्ट्री." मी वाद घातला नाही, ताटातली जिलेबी संपवली. पण तेव्हापासून डोक्यात घोळतंय, म्हणून इथे लिहिते.

३१ वर्षं मराठवाड्यात उपकेंद्र सांभाळलं. एक घर अजून विसरत नाही. पहिलटकरीण, सातवा महिना, एचबी (हिमोग्लोबिन) आठच्या आत. माझ्या रजिस्टरात माझ्याच अक्षरात लिहिलेलं, आयर्न १८०. म्हणजे रोज एक याप्रमाणे सहा महिन्यांच्या गोळ्या दिल्या, विषय संपला. एकदा वजनकाटा आणायला त्या गल्लीत गेले आणि तिच्याकडे पाणी मागितलं. ती तांब्या आणायला वळली तेव्हा देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात उदबत्तीच्या पुड्यामागे काहीतरी चमकलं. गोळ्यांच्या पट्ट्या. मोजल्या, चौदा. एकही गोळी फोडलेली नव्हती. वरच्या दोन पट्ट्यांवर धूळ बसलेली.

सासूबाईंनी चुलीपुढून न वळता सांगितलं, "त्यानं पोर मोठं होतंय पोटात, मग शिझर करावं लागतंय." सुनेचं वेगळंच होतं. पहिल्याच आठवड्यात शौचाला काळं झालं, ती घाबरली, आणि हे कुणाला विचारायचं? मी तिथेच बसले. काळं होणं साहजिक आहे, गोळी रात्री जेवणानंतर घे, चहाबरोबर नको, हे सगळं सासूला ऐकू जाईल असं सुनेला सांगितलं. उपकेंद्रात ती चार वेळा येऊन गेली होती. चारही वेळा "गोळ्या घेतेस ना?" "हो."

माझं म्हणणं एवढंच की आरोग्य सेविकेने, म्हणजे सिस्टरने, स्वतः उंबऱ्याच्या आत गेलं पाहिजे. रोज नको, सगळीकडे नको, पण गरोदरपणात एकदा आणि बाळंतपणानंतर एकदा तरी. नाहीतर सामुदायिक परिचर्या (गावात जाऊन करायचं नर्सिंग) म्हणजे गावात हलवलेली ओपीडी. पटत नसेल त्यांनी भांडावं.

पीएचसीचा डॉक्टर

ताई, अनुभवाला मान देऊन भांडतो.

आधी हिशेब. उपकेंद्राचा निकष ५,००० लोकसंख्या, आदिवासी-डोंगरी भागात ३,०००. प्रत्यक्षात माझ्या प्राथमिक आरोग्य केंद्राखालची दोन उपकेंद्रं त्याच्या कितीतरी वर आहेत, ते सोडा. हजारी १५-१६ जन्म धरले तरी वर्षाला ७५-८० बाळंतपणं. प्रत्येक गरोदर मातेच्या निदान चार तपासण्या, म्हणजे तीनशेच्या वर. लसीकरणाची सत्रं, बीपी-शुगर, क्षयरुग्णांच्या गोळ्या, दर महिन्याच्या ९ तारखेचं मातृत्व अभियान. आणि हे सगळं वेगवेगळ्या सरकारी पोर्टलवर भरायचं: आरसीएचमध्ये, यू-विनमध्ये, एचएमआयएसमध्ये, निक्षयमध्ये. माझी सिस्टर रात्री दहाला मुलाचा अभ्यास घेता घेता एन्ट्री करते. तिला आणखी दीडशे घरभेटी द्यायच्या?

दुसरं म्हणजे नवजात बाळाच्या भेटी आशा करतेच. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी झालं तर पहिल्या दिवशीही. हे आलं कुठून? गडचिरोलीतून. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवलं आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. त्या बायका नर्स नव्हत्या. मग सिस्टरचा आग्रह कशाला?

आणि तुमच्या चौदा पट्ट्या. प्रत्येक तपासणीला एचबी केलं असतं तर ते हललं नाही हे उपकेंद्रातच दिसलं असतं.

उपकेंद्रातली जुनी सेविका

डॉक्टरसाहेब, शेवटचं आधी घेते. एचबी हललं नाही हे दिसलं असतं, का हललं नाही हे दिसलं नसतं. मग तुम्ही आयर्न सुक्रोज (शिरेतून द्यायचं लोह) लिहिलं असतं, तिला तीन वेळा तालुक्याला नेलं असतं. कोनाडा तसाच राहिला असता.

गडचिरोलीचं अर्धंच सांगितलंत. त्या बायका बाळाला जंतुसंसर्ग झाला तर घरातच जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन देत होत्या. शिवाय त्यांच्या मागे तपासणारं माणूस नेमाने यायचं. २०११ ला सरकारने ही योजना देशभर नेली तेव्हा भेटी ठेवल्या, इंजेक्शन आशाच्या हातात दिलं नाही. पुढे ते सेविकेला दिलं, बाळाला मोठ्या दवाखान्यात नेणं शक्यच नसेल तेव्हासाठी. म्हणजे इंजेक्शन सेविकेकडे आणि घरी जाणार आशा. बाळ मधल्या मधे.

उपनगरातली

मी नर्स नाही, डॉक्टर नाही. नर्सबाई जिच्या घरी यायची त्या बाईची मुलगी आहे.

आमच्या वस्तीत नर्सबाईंची पांढरी साडी गल्लीच्या तोंडाशी दिसली की आई मागच्या दाराने नळावर जायची. दोन मुली झालेल्या, आणि बाई येणार म्हणजे नसबंदीच्या ऑपरेशनचं विचारणार. कागदावर ते टार्गेट १९९६ ला गेलं म्हणतात. आईच्या मनातून गेलं नाही. पुढे लहान भावाला डोस द्यायला आली तरी ती दार अर्धंच उघडायची.

तुम्ही कोनाड्यात पट्ट्या पाहिल्यात, ठीक. पण तो कोनाडा तिचा होता. पाणी प्यायला आलेल्या बाईने तिच्या घरात काय काय पाहायचं हे कुणी ठरवलं? शिवाय सासूला ऐकू जाईल असं बोललात ते तुम्हाला हुशारी वाटतंय. तुम्ही गेल्यावर त्या पोरीला काय ऐकावं लागलं असेल? उपकेंद्रात निदान पडदा असतो, सासू बाहेर बसवता येते.

उपकेंद्रातली जुनी सेविका

यातलं पहिलं खरं आहे. मीही त्यातलीच. मार्च जवळ आला की नसबंदीच्या केसेससाठी उंबरे झिजवलेत. एका घरातून तर "बाई, पुन्हा आलात तर कुत्रं सोडीन" ऐकून घेतलंय, आणि आज वाटतं बरोबर होतं त्याचं.

सासूबद्दल मात्र तुमचं चुकतंय. ती गोळी बंद करणारी सासू होती. पडद्याआड सुनेला शंभर वेळा सांगितलं असतं तरी पट्टी फुटली नसती. आजारी कोण, एवढं पाहून भागत नाही. गोळीवर हुकूम कुणाचा चालतो तेही पाहावं लागतं.

नर्सिंग कॉलेजातली ट्यूटर

वरच्या शेवटच्या दोन वाक्यांवर मी पहिल्या वर्षाचा एक अख्खा तास घेते. आमच्या विषयात रुग्ण म्हणजे व्यक्ती नसून कुटुंब, हे मुली परीक्षेत छान लिहितात. घरी गेल्या की नाडी मोजून परत येतात.

घरभेट ही काही आशा योजनेनंतर सुचलेली सोय नव्हे. १८५९ साली लिव्हरपूलमध्ये विल्यम रॅथबोन यांनी गरिबांच्या घरी जायला नर्स नेमली, तिथून ही शाखा सुरू होते. १८९३ ला न्यूयॉर्कमध्ये लिलियन वॉल्ड भाडोत्री चाळींमधून फिरू लागल्या. दोन्हीकडे शिकलेली नर्स घरी गेली, कारण घर पाहिल्याशिवाय आजार समजत नाही हे तिला कळत होतं.

आता घरभेटीला न्यायच्या पिशवीबद्दल, कुणी विषय काढला नाही तरी. बॅग टेक्निकला आता सगळे हसतात. वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर पिशवी ठेवायची, आधी साबण काढून हात धुवायचे, मग लागेल तेवढंच बाहेर काढून पिशवी बंद करायची. निघताना कागद आतल्या बाजूने घडी घालून तिथेच टाकायचा. या घरातलं पुढच्या घरात जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. म्हणूनच दिवसाची सुरुवात नवजात बाळापासून आणि खोकल्याचा रुग्ण शेवटी. हा क्रम ॲप सुचवत नाही.

माझ्या कॉलेजची लाजही सांगते. फॅमिली फोल्डर, म्हणजे भेट दिलेल्या कुटुंबाची नोंदवही, मुली मागच्या बॅचची उतरवतात. एका आजोबांना गेली पाच वर्षं तोच खोकला आहे.

पीएचसीचा डॉक्टर

मॅडम, आजोबांचा तेवढा थुंकीचा नमुना पाठवा.

विनोद सोडा. १८५९ मध्ये लिव्हरपूलला एन्ट्री नव्हती. नर्सने घरी जाऊ नये असं मी कुठे म्हटलं? जे आहे त्यात बसवा म्हणतोय. बसत नाही.

लंडनजवळचा

मुलगी इकडे झाली तेव्हाचा अनुभव. इंग्लंडमध्ये बाळ १० ते १४ दिवसांचं झालं की हेल्थ व्हिजिटर घरी येते. ती नोंदणीकृत नर्स किंवा मिडवाइफ असते, वर वेगळं शिक्षण घेतलेली. आमच्याकडे आलेल्या बाईंनी बाळाकडे पाच मिनिटं पाहिलं आणि अर्धा तास बायकोशी बोलल्या. झोप लागते का, रडू येतं का, माहेरचं कुणी आहे का. मी चहा करत होतो, मला हळूच बाहेर पाठवलं. बायको तेव्हा किती खचली होती हे मला त्या दिवशी कळलं. असा अर्धा तास आशाताईंच्या फॉर्मवर कुठे असतो?

आशा, आदिवासी पट्टा

भाऊ, फॉर्मवर नसतो. आम्ही देतो तरी.

सिस्टर, राग नका मानू. तुम्ही घरी आलात की घर गप्प होतं. खुर्ची पुसतात, चहा ठेवतात, "सगळं बरं आहे" म्हणतात. मी गेले की बाई भाकरी थापता थापता बोलते. नवरा मारतो तेही बोलते. माझी सासुरवाडी याच गावात, माझी पोरं यांच्याच पोरांत खेळतात. ते तुम्हाला एका भेटीत कसं मिळणार?

बाळाचे श्वास पूर्ण मिनिट मोजायचे, साठ किंवा वर गेले तर पाठवायचं, हे मला पाठ आहे. तळव्याला हाताची मागची बाजू लावून गार आहे का बघायचं, तेही. थंडीत एका बाळाचे पाय गार लागले, आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधून वर गोधडी टाकली, तसंच जीपने नेलं. वाचलं. या सगळ्या सहा भेटींचे २५० रुपये. एक भेट राहिली तर वाद.

सिस्टरने यावं, नाही कशाला म्हणू. पण माझं काम तपासायला येऊ नये. मी बोलावलं की यावं. पाय गार लागले तेव्हा मी सिस्टरला फोन केला होता, त्या मिटिंगला होत्या.

समुदाय आरोग्य अधिकारी

या फोनवरच सगळं अडतं.

मी २०१८ नंतरच्या भरतीतला, आता उपकेंद्राच्या पाटीवर आयुष्मान आरोग्य मंदिर आहे. माझ्या ओपीडीत गरोदर माता कमी, बीपी आणि साखरेचे जास्त. त्यांनाही घरभेट लागते हे कुणी बोलत नाही. अर्धांगवायूचा माणूस उपकेंद्रात येणार कसा? त्याच्या पाठीला झालेली जखम कुठल्याच ॲपवर भरायची सोय नाही.

माझा प्रस्ताव असा. घरं निवडायची. एचबी सातच्या खाली, बीपी वाढलेलं, आधीचं सिझेरियन, २ किलोच्या आतलं बाळ, अंथरुणाला खिळलेला रुग्ण. महिन्याला पंधरा-वीस घरं होतील. ती सिस्टर आणि मी वाटून घेऊ. त्या दिवशी मिटिंग नाही, व्हिडिओ कॉन्फरन्स नाही.

उपकेंद्रातली जुनी सेविका

प्रस्ताव चांगला, यादी कुणाची? आकड्यांवरून केलीत तर माझी ती पोरगी तुमच्या यादीत बसत नाही. तिचं एचबी सातच्या वर होतं. यादी आशाने करावी. तिला माहीत असतं कुठल्या घरात गोळ्या कोनाड्यात जातात.

आणि आशाताई, तपासायला नाही, बोलावल्यावर यावं, हे मला ३१ वर्षांत कुणी तोंडावर म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

पीएचसीचा डॉक्टर

आशाने यादी करायची, सिस्टर आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने जायचं. महिन्यातला एक मिटिंगचा दिवस मी माझ्या अधिकारात काढू शकतो, दुसरा तालुक्याच्या हातात आहे. ताई, तुमचं पटलं असं समजू नका. सगळ्या घरांना भेट हे अजूनही स्वप्नरंजन वाटतं.

उपनगरातली

यादीत नाव घालण्याआधी त्या बाईला विचारणार का?

आशा, आदिवासी पट्टा

ताई, मी तर विचारूनच जाते. न विचारता गेलं तर पुढल्या वेळी दार बंद.

पण माझी अडचण वेगळी आहे, बघा कुणाला सुचतंय का. माझ्या गावच्या दोन पोरी बाळंतपणाला माहेरी आल्यात. नोंद सासरच्या उपकेंद्रात. एकीचं बाळ अकरा दिवसांचं, १९०० ग्रॅम. सासरची आशा म्हणते माझ्या गावात नाही, आमच्या सिस्टर म्हणतात आपल्या रजिस्टरला नाही. मी दोनदा जाऊन आले, पाय गरम आहेत, पितंय. चौदाव्या दिवसाचा फॉर्म कुणाच्या नावावर भरू?