राज्यफूल ताम्हण की जारूल? आणि पुण्यात राहून मुलीला शेकरू, हरियाल वगैरे खरंखुरं दाखवता येईल का?

सिंहगडरोडची आई

नमस्कार मंडळी, मुलगी चौथीत आहे, पुढच्या वर्षी स्कॉलरशिपला बसवायचंय म्हणून आत्तापासून रोज रात्री जेवण झाल्यावर थोडं सामान्य ज्ञान घेते तिचं. काल महाराष्ट्राची प्रतीकं घेतली तर एका गाईडमध्ये राज्यफूल जारूल दिलंय आणि दुसऱ्यात ताम्हण, आता पेपरात दोन्ही पर्याय आले तर पोरीनं काय करायचं? एकात तर जिल्हे अजून ३५ च छापलेत. आणि राज्यप्राणी शेकरू म्हणजे काय विचारलं तर म्हणाली, आपल्या गॅलरीत येते ती खार. मला खरं सांगायचं तर वाईट वाटलं, कारण मी पण लहानपणी हे सगळं नुसतं पाठच केलं होतं, ताम्हण मी स्वतः कधी बघितलेलं नाही (म्हणजे बघितलं असेल पण ओळखता येत नाही). पुण्यात किंवा आसपास हे सगळं डोळ्यांनी दाखवता येईल का? सुट्टी लागतेच आहे, एक-दोन दिवस काढू शकतो आम्ही.

औंधचा पक्षीवेडा

ताई, ताम्हण आणि जारूल एकच झाड आहे, आपल्याकडे ताम्हण किंवा तामण म्हणतात आणि जारूल हे हिंदी-बंगालीतलं नाव, त्यामुळे दोन्ही बरोबर, दोन्ही पर्याय एकत्र द्यायचे नाहीत कोणी. आणि तुम्ही अगदी वेळेवर विचारलंत, कारण ते फुलतंच एप्रिल-मे मध्ये, १ मे च्या सुमारास भरात असतं. पुण्यात रस्त्याच्या कडेला, सोसायट्यांमध्ये भरपूर लावलंय. फक्त नीलमोहराशी गल्लत करू नका, तो पण जांभळाच आणि याच दिवसांत असतो. खाली पडलेलं एक फूल उचलून मुलीच्या हातावर ठेवा. नीलमोहराचं फूल कर्ण्यासारखं असतं, आख्खं नळीदार. ताम्हणाच्या पाकळ्या सुट्या असतात, बहुतेक सहा, आणि क्रेप कागद चुरगाळून परत उलगडावा तशा सुरकुतलेल्या, मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका. शिवाय गेल्या वर्षीची वाळकी टणक बोंडं बऱ्याचदा फांदीवर तशीच असतात. मेंदीच्या कुळातलं झाड आहे हे, मुलीला सांगा, लक्षात राहील.

राज्यपक्षी हरियाल तर पुण्यातच दिसेल, लांब जायला नको. आपलं हिरवं कबुतर. विद्यापीठाच्या आवारात जुनी वड-उंबराची झाडं आहेत तिथे मी कित्येकदा बघितलेत. सकाळी सात-साडेसातला जा, कोवळ्या उन्हाला शेंड्याच्या उघड्या फांद्यांवर थवाच्या थवा बसलेला असतो. एकदा ऊन चढलं आणि ते पानात शिरले की संपलं, झाडात वीस असतील तरी एक दिसणार नाही, नुसती उंबरं टपटप पडतात. पाय बघायचे, पिवळेधमक असतात, साध्या कबुतराचे लालसर. जमिनीवर फारसा उतरतच नाही, म्हणून पूर्वीचे लोक म्हणायचे की हरियाल जमिनीला पाय लावत नाही.

जिल्हे ३६. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला झाला, त्याच्या आधीचं गाईड असेल ते, बदलून टाका.

घोडेगावकर

ताई शेकरूसाठी आमच्या भीमाशंकरला या. मंचर, घोडेगाव, डिंभे धरण करत वर. १९८५ ला अभयारण्य झालं ते मुख्यत्वे शेकरूसाठीच. खार आणि शेकरू यात काय फरक हे सांगायची गरजच पडणार नाही, एकदा बघितलं की पोरगी आयुष्यात विसरणार नाही. तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत हातभराच्या दुप्पट, पाठ गडद तांबडी, पोट मळकट पांढरं, आणि शेपूट अंगापेक्षा लांब. एका झाडावरून दुसऱ्यावर सहज पंधरा-वीस फूट उडी घेतं, खाली येतच नाही जवळजवळ. म्हणून वर फांदीला फांदी लागलेली पाहिजे, मधली चार झाडं तोडली की त्याचा रस्ताच तुटला. आमच्याकडे देवराया राहिल्यात, तिथे देवाच्या भीतीनं कोणी फांदी मोडत नाही, शेकरू टिकलं त्यात या देवरायांचा मोठा वाटा आहे असं मला मनापासून वाटतं.

देवळाच्या गर्दीत शोधू नका. सकाळी लवकर जंगलाच्या वाटेला थोडं आत जाऊन गप उभं राहायचं आणि वर बघायचं, काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसला तर ते घरटं. एकच शेकरू अशी तीन-चार घरटी बांधून ठेवतं त्यामुळे घरटं दिसलं म्हणजे आत असेलच असं नाही. आणि कृपा करून बिस्किटं टाकू नका, लोक टाकतात ते बघून जीव तुटतो.

भीमा नदी पण इथेच उगम पावते बरं का, तीच पुढे पंढरपुरात चंद्रभागा. मुलीला ते पाणी हातात घेऊ द्या.

मूळची देवगडची, आता कोथरूड

वरच्यांनी छान सांगितलंय. पण ताई, तुमच्या गाईडमध्ये नवीन दोन आहेत का बघा. पांढरी चिप्पी हे राज्य कांदळवन वृक्ष (२०२०) आणि पापलेट हा राज्य मासा (२०२३). चिप्पी पुण्यात नाही दिसणार, त्याला खाडी पाहिजे. आमच्या घरामागे खाडीला होती, पांढरी फुलं रात्री उमलतात आणि सकाळी पायाखाली केसरांचा नुसता सडा. ओहोटीला चिखलातून वर आलेली तिची मुळं बघायची, त्यातून श्वास घेते ती. पापलेट मात्र मासळी बाजारात दाखवाच, छोटी पिल्लं विकत घेऊ नका एवढंच सांगते, अंडी घालायच्या आत पकडली तर पुढे येणार कुठून?

आणि राज्य फुलपाखरू तर घरीच येईल! राणी पाखरू, ब्लू मॉर्मन. २०१५ ला जाहीर झालं, असं फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. तळहाताएवढं, काळं मखमली, त्यावर निळ्या ठिपक्यांचा पट्टा. लिंबाच्या जातीच्या झाडांवर अंडी घालतं, गॅलरीत कुंडीत लिंबू लावा. अळी लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, घाण समजून पुसू नका.

सिंहगडरोडची आई

सगळ्यांचे मनापासून आभार, उशिरा लिहितेय पण लिहायचंच होतं. ताम्हण आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीतच निघालं हो, रोज त्याखालून जातो आम्ही! लेकीनं फूल वहीत दाबून ठेवलंय. हरियाल दुसऱ्या खेपेला दिसले, अकरा, तिनं मोजले. भीमाशंकरला दोन तास काहीच नाही, ती कंटाळून रडायला आली होती, आणि मग एका हिरडा गोळा करणाऱ्या आजींनी नुसतं बोट वर केलं. फांदीवर पसरून झोपलं होतं, शेपूट खाली लोंबत होती. ती इतकी हळू आवाजात म्हणाली, आई, ही खार नाहीये. काल कुंडी आणि लिंबाचं रोप आणलंय.