छोट्या ऑफिसच्या सर्व्हरवर व्हीपीएन: तुमचे अनुभव लिहा

मंडळी, दहा-पंधरा जणांचं ऑफिस, एक सर्व्हर, त्याच्यावर सगळ्या फायली आणि हिशेब, आणि आता निम्म्या लोकांना घरून काम करायचंय. अशा ठिकाणी वेगळा आयटी विभाग नसतो, ज्याला थोडंफार कळतं त्याच्या गळ्यात हे काम पडतं. त्यासाठी व्हीपीएन लागतं, म्हणजे घरच्या लॅपटॉपपासून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंत इंटरनेटमधून जाणारा बंदिस्त रस्ता, म्हणजेच टनेल. ते इन्स्टॉल कसं करायचं हे सगळीकडे लिहिलेलं आहे, पण ते सगळं ‘कनेक्टेड’ दिसलं की संपतं आणि खरी डोकेदुखी तिथून पुढे सुरू होते. म्हणून हा धागा. काय अडलं, कसं सापडलं, काय केलं, ते लिहा. जेवढं बारीक लिहाल तेवढं पुढच्याला उपयोगी.

सुरुवात मी करते. आमच्याकडे व्हीपीएन जोडलं जायचं, पण सर्व्हरचा शेअर, म्हणजे सामाईक फोल्डर, काहींना उघडायचा आणि काहींना नाही, तोच लॅपटॉप दुसऱ्या घरी नेला की चालायचा. एका सहकाऱ्याने सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.१० पिंग केला तर उत्तर येत होतं, म्हणजे रस्ता ठीक आहे असंच वाटणार ना कुणालाही. मग मी त्याला तोच पत्ता ब्राउझरमध्ये टाकायला सांगितला आणि समोर आलं त्याच्या घरच्या प्रिंटरचं पान, शाईची पातळी वगैरे. तिथे उलगडा झाला. ऑफिसची आयपी पत्त्यांची रेंज १९२.१६८.१ आणि घरच्या राउटरचीही तीच, त्यामुळे लॅपटॉपला सर्व्हर घरातच आहे असं वाटत होतं, डेटाचं पॅकेट टनेलमध्ये जातच नव्हतं. बहुतेक घरगुती राउटर १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ घेऊनच येतात, त्यामुळे प्रत्येकाला घरचा राउटर बदलायला लावणं काही खरं नाही, ऑफिसचीच रेंज बदलायची. आम्ही १०.४७.२० घेतली. सुट्टीच्या दिवशी बसून केलं आणि त्याआधी हाताने पत्ता घातलेल्या वस्तूंची यादी केली: प्रिंटर, स्कॅनरमधला फोल्डरचा पत्ता, हजेरीचं मशीन, कॅमेरे. ही यादी नसेल तर सोमवारी सकाळी एकेक वस्तू बंद सापडत जाते.

——

माझं पोर्ट फॉरवर्डिंगपाशी अडलं होतं, म्हणजे बाहेरून येणारं कनेक्शन राउटरने आतल्या सर्व्हरकडे वळवणं. सर्व्हरवर वायरगार्ड हे व्हीपीएन, राउटरवर यूडीपी ५१८२० सर्व्हरकडे वळवलेलं, फायरवॉलमध्ये परवानगी, सगळं जागच्या जागी, आणि बाहेरून काहीच नाही. वायरगार्डचा स्वभाव असा की किल्ली (key) जुळली नाही तर तो उलट काही बोलतच नाही, त्यामुळे पोर्ट बंद आहे की किल्ली चुकीची आहे हे बाहेरून बघून कळत नाही. मग सर्व्हरवर येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं टीसीपीडंप लावून बसलो आणि मोबाईलच्या डेटावरून जोडून बघत राहिलो, एकही पॅकेट येत नव्हतं, म्हणजे भानगड सर्व्हरच्या अलीकडेच. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, पत्ता बघितला तर १०० ने सुरू होणारा, आणि बाहेर ‘माझा आयपी’ म्हणून दिसत होता वेगळाच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतची रेंज २०१२ साली खास इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी बाजूला काढलेली आहे. कंपनी एकच पब्लिक पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटते, त्यामुळे बाहेरून आत येणारं कनेक्शन तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही, तुम्ही राउटरवर काहीही करा. स्टॅटिक पब्लिक आयपी मागायचा हा सरळ उपाय. तो येईपर्यंत मी भाड्याने एक छोटा क्लाउड सर्व्हर घेतला, ऑफिसचा सर्व्हर आणि लॅपटॉप दोघेही आपणहून त्याला जाऊन जोडतात आणि तो मधे पॅकेट इकडून तिकडे देतो. ऑफिसच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (ठरावीक वेळाने रिकामं पॅकेट पाठवत राहणं) २५ सेकंद ठेवायचं, नाहीतर थोडा वेळ शांत गेला की मधला नॅट, म्हणजे पत्ते बदलून देणारी यंत्रणा, ती वाट विसरतो. हे इतकं छान चाललं की स्टॅटिक आयपी आल्यावरही मी ते तसंच ठेवलं. कुठलंही व्हीपीएन निवडायच्या आधी वॅनचा पत्ता बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

——

विंडोजवर एल२टीपी हा व्हीपीएनचा प्रकार वापरणाऱ्यांसाठी. सर्व्हर राउटरच्या मागे असेल आणि विंडोजचा लॅपटॉप ८०९ एरर देत असेल, तर आधी यूडीपी ५०० आणि ४५०० दोन्ही वळवलेत का बघा. तरीही होत नसेल तर लॅपटॉपच्या रजिस्ट्रीत पॉलिसीएजंटखाली यूडीपी एन्कॅप्सुलेशनची व्हॅल्यू २ करून रीस्टार्ट. माझे मॅक आणि फोन पहिल्यापासून जोडले जात होते, फक्त विंडोजच अडत होतं, त्यावरूनच सुचलं.

——

मला थोडं कळकळीने लिहायचंय. मी लहान ऑफिसांचे सर्व्हर बघतो आणि नव्या ठिकाणी गेलो की आधी हेच बघतो की रिमोट डेस्कटॉपचं (लांबून दुसऱ्या कॉम्प्युटरची स्क्रीन चालवायची सोय) ३३८९ पोर्ट थेट इंटरनेटला उघडं आहे का. एका ठिकाणी होतं, ‘व्हीपीएनची काय गरज, असंही चालतंय की’ असं मालकांचं म्हणणं. मी काही न बोलता त्यांना शेजारी बसवून इव्हेंट व्ह्यूअरमधला सिक्युरिटी लॉग उघडला आणि ४६२५ वर फिल्टर लावला, म्हणजे फसलेले लॉगिन. पानंच्या पानं, ॲडमिन, अकाउंट्स, स्कॅनर, बॅकअप अशी नावं एकामागून एक कुणीतरी घालून बघतंय, आणि आम्ही बघत असतानाच खाली नव्या ओळी येत होत्या. त्याच दिवशी पोर्ट बंद केलं. पोर्टचा आकडा बदलला की झालं असं बरेच जण सांगतात, पण सगळी पोर्टं तपासणारी यंत्रं दिवसरात्र फिरत असतात, नवा आकडाही त्यांना सापडतो. रिमोट डेस्कटॉप वापरा ना, पण टनेलच्या आतून.

आणि पीपीटीपी, हा व्हीपीएनचा जुना प्रकार. जुन्या सर्व्हरवर चार क्लिकमध्ये लागतं म्हणून अजून लावतात लोक. त्यातली एमएसचॅप व्ही२ ही ओळख पटवण्याची पद्धत २०१२ मध्ये जाहीरपणे मोडून दाखवली गेली, २०१६ मध्ये ॲपलने आयफोन आणि मॅकमधून पीपीटीपी काढूनच टाकलं. ज्या सर्व्हरवर पगाराचे आकडे आहेत त्याच्यावर हे ठेवू नका, कळकळीची विनंती.

——

मी आयटीवाली नाही, हिशेब बघते, पण वापरणाऱ्याच्या बाजूनेही कुणीतरी लिहायला हवं. व्हीपीएन लागल्यावर अकाउंटिंग सॉफ्टवेअर घरून उघडायला चहा होईल इतका वेळ लागायचा, आणि मधेच कनेक्शन तुटलं की डेटा रीइंडेक्स करा असा मेसेज. सगळे म्हणायचे तुमचं इंटरनेट स्लो आहे, पण व्हिडिओ तर छान चालायचे. ज्यांनी सेटअप केलं त्यांनी मग नीट समजावलं की हे सॉफ्टवेअर सर्व्हरवरची फाईल शेअरमधून वाचतं, एकेका एंट्रीसाठी शेकडो वेळा ये-जा करतं, ऑफिसच्या वायरवर ते जाणवत नाही पण घरून प्रत्येक फेरीला वेळ लागतो, स्पीड वाढवून ते जात नाही. आता मी व्हीपीएन जोडून ऑफिसातल्या माझ्याच कॉम्प्युटरवर रिमोट डेस्कटॉपने जाते, सॉफ्टवेअर तिथेच चालतं, माझ्याकडे फक्त स्क्रीन येते. कनेक्शन तुटलं तरी अर्धी एंट्री तिथेच उघडी असते. हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं सेटअप करणाऱ्याने, की बाई तुम्ही नक्की काय उघडणार आहात.

——

ओपनव्हीपीएन या व्हीपीएन सॉफ्टवेअरचा एक किस्सा. एका ऑफिसमधून सकाळी फोन आला की एकूण एक माणूस बाहेर फेकला गेलाय, काल रात्रीपर्यंत सगळं चालू होतं आणि कुणी कशाला हात लावलेला नाही. सगळे एकाच वेळी पडले म्हणजे कुणा एकाचं सर्टिफिकेट (व्हीपीएनला दाखवायचं डिजिटल ओळखपत्र) संपलेलं नाही, काहीतरी सामाईक आहे. सर्व्हरचा लॉग उघडला तर स्पष्ट ओळ, सीआरएलची मुदत संपली. सीआरएल म्हणजे रद्द केलेल्या सर्टिफिकेटांची यादी, कुणाचा लॅपटॉप चोरीला गेला की त्याचं सर्टिफिकेट तिच्यात घालायचं. पण त्या यादीलाही स्वतःची मुदत असते, ही सर्टिफिकेटं बनवणाऱ्या ईझीआरएसएमध्ये न बदलता ठेवली तर १८० दिवस, आणि ती उलटली की ओपनव्हीपीएन सगळ्यांनाच नाकारतं. नवी यादी काढून जागेवर ठेवली की लगेच सुरू. ओपनव्हीपीएन ‘नोबडी’ या कमी अधिकारांच्या युजरने चालत असेल तर त्याला ती फाईल वाचता येतेय का तेही बघायचं. आता तिथे दर महिन्याला क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं करणारी सोय) यादी आपोआप नवी होते.

या यादीला कंटाळून काही जण सगळ्यांना एकच सर्टिफिकेट वाटतात. नका करू. एक माणूस सोडून गेला की सगळ्यांचं बदलावं लागतं, आणि मग कुणीच बदलत नाही.

——

सर्व्हरपर्यंत पोचतंय पण ऑफिसातल्या बाकीच्या मशीनपर्यंत नाही, हे कुणाला दिसलं असेल तर. आमच्याकडे नासच्या, म्हणजे नेटवर्कवर फायली ठेवायच्या डब्याच्या, बाबतीत झालं. आयपी फॉरवर्डिंग (एका नेटवर्कचं पॅकेट दुसरीकडे पुढे देणं) चालू होतं, सर्व्हरवर बघितलं तर लॅपटॉपचं पॅकेट १०.८.० या व्हीपीएनच्या रेंजमधून येऊन नासकडे जात होतं, उत्तर मात्र परत येत नव्हतं. नासला १०.८.० कुठे आहे ते माहीत नाही, म्हणून तो उत्तर राउटरकडे देतो, आणि राउटरलाही माहीत नाही. राउटरवर एक स्टॅटिक रूट घातला, १०.८.० साठी सर्व्हरकडे जा, झालं. राउटरमध्ये ती सोय नसेल तर सर्व्हरवर मास्करेड करता येतं, म्हणजे पॅकेटवर सर्व्हरचाच पत्ता घालायचा, पण मग नासच्या लॉगमध्ये सगळे जण सर्व्हरच्याच पत्त्याने दिसतात, कोण कधी आलं ते कळत नाही, म्हणून मला रूटच बरा वाटतो.

——

माझ्याकडून छोटंसं. वीज जाऊन आल्यावर सर्व्हर आपणहून चालू होईल असं बायॉसमध्ये ठेवा, नाहीतर सगळे घरी आणि बटण दाबायला ऑफिसात कुणी नाही. जुना सर्व्हर असेल तर मदरबोर्डवरचा सेलही बदला, आमच्या इथे सेल मेल्यामुळे वीज आल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं आणि सर्टिफिकेट ‘अजून लागू झालेलं नाही’ म्हणून नाकारलं जात होतं. आणि टेस्टिंग नेहमी मोबाईल हॉटस्पॉटवरून करा, ऑफिसच्याच वायफायवर बसून स्वतःचा बाहेरचा पत्ता गाठायला बरेच राउटर देत नाहीत, व्हीपीएन ठणठणीत असतं आणि आपण उगाच सेटिंग उलटीपालटी करत बसतो.