मदत हवी आहे: जुन्या दुर्बिणीतून क्षितिजाच्या दोन रेघा दिसतात

नमस्कार मंडळी,

दुर्बीण खोलून दुरुस्त केलेलं कुणी असेल तर कृपया वाचा. ३१ जुलैला मासेमारीची बंदी संपते, त्याच्या आत ही नीट व्हावी अशी फार इच्छा आहे.

माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, उभं आयुष्य मालवाहू जहाजांवर होते. आता वय ७८. आंजर्ल्याला आमचं घर चढावर आहे, पडवीतून सुवर्णदुर्ग आणि हर्णैच्या बाजूचा समुद्र दिसतो. सध्या बोटी खाडीत शाकारून ठेवल्यात. १ ऑगस्टपासून त्या बाहेर पडायला लागल्या की अण्णा दिवसभर पडवीत. कुठली बोट कधी गेली, कधी परतली, सगळं तोंडपाठ. गेल्या वर्षापासून मात्र त्यांना लांबच्या बोटी ओळखू येईनात. म्हणून मुंबईच्या जुन्या बाजारातून १८०० रुपयांना एक जपानी बनावटीची ७×५० दुर्बीण आणली. जहाजावर हीच असायची, असं ते सांगतात. सातपटच मोठं दिसतं म्हणून हात हलला तरी चित्र फार नाचत नाही, आणि ५० मिलीमीटरच्या भिंगामुळे तिन्हीसांजेलाही बरं दिसतं.

आणली तेव्हा उजव्या बाजूने धुरकट दिसत होतं आणि फोकसचं चाक अगदी जड होतं. पुढून टॉर्च मारून आत बघितलं तर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. आमच्याकडच्या दमट हवेत ती वाढतच जाणार आणि काचेवरचा लेप खाणार, म्हणून मीच खोलायला घेतली.

पुढची नळी हाताने फिरेना. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, मग सुटली. आत दोन लोलक, एकमेकांना काटकोनात, आपापल्या खाचेत बसवलेले, वर पितळी पट्टी. बुरशी एकाच लोलकावर होती. तो काढला, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने हळूहळू पुसला, तीन वेळा. काच स्वच्छ झाली, फक्त एका कडेला नखाएवढा डाग राहिला. तिथला लेप गेला असावा.

चूक इथे झाली. काढण्याआधी लोलक कसा बसला होता याची पेन्सिलने खूण केली नाही.

पुन्हा जोडल्यावर उजवीकडून लख्ख दिसतं, पण दोन्ही डोळ्यांनी बघितलं की क्षितिजाच्या दोन रेघा, एक वर, एक खाली, आणि खालची किंचित कललेली. सुवर्णदुर्गाचा बुरूजही दुहेरी. अण्णांनी दोन मिनिटं बघितलं, डोळे मिटून घेतले आणि "कपाळ ठणकतंय गो" म्हणून ती खाली ठेवली. तेव्हापासून मला चैन नाही.

लोलक पुन्हा काढून बसवला तर दोन रेघा एक होतील का, की आणखी कुठे काही फिरवावं लागतं? उजव्या बाजूच्या चामड्यासारख्या आवरणाखाली बारीक स्क्रू असल्यासारखं हाताला लागतं, त्याला अजून हात लावलेला नाही. आणि फोकसच्या चाकात शिलाई मशीनचं तेल घातलं तर चालेल का? दुर्बीण पोस्टाने कुठे पाठवायची हिंमत होत नाही.

प्रतिसाद

ताई, स्क्रूला इतक्यात हात लावू नका. रेघ कललेली आहे म्हणजे लोलक खाचेत नीट बसलेला नाही. लोलक जेवढा फिरतो त्याच्या दुप्पट चित्र कलतं, त्यामुळे खाली बारीकसा कण अडकला तरी पुरतं. पुन्हा काढा, खाच फुंकणीने साफ करा (तोंडाने नको, थुंकी उडते), आणि या वेळी खूण करा. तुमच्या दारात क्षितिज आहे, याहून चांगलं साधन नाही. एका डोळ्याला फक्त उजवी नळी लावा, दुसऱ्या डोळ्याने नुसतं बघा. दोन्ही रेघा समांतर दिसल्या की कल गेला. त्यानंतरही वर-खाली फरक राहिला तरच स्क्रू, तोही एका वेळी अष्टमांश फेरा. आडवा थोडा फरक डोळे जुळवून घेतात, उभा घेत नाहीत, डोकं त्यानेच दुखतं. स्क्रूने जुळवताना दोन नळ्यांमधलं अंतर अण्णांच्या डोळ्यांएवढं ठेवा. अशी जुळवणी त्या अंतरापुरतीच खरी असते, पण बघणारे एकटे तेच असतील तर काही बिघडत नाही.

शिलाई मशीनचं तेल नको. पातळ तेल उन्हात पसरून भिंगावर येतं. जुनं वाळलेलं ग्रीस पुसून काढा आणि नवं घट्ट ग्रीस काडीच्या टोकावर मावेल इतकंच लावा. चामडी पेटीत ठेवू नका, ओल धरते. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या. सूर्याकडे कधीही बघू नका, अण्णांनाही सांगा.

पुढची हकीकत

मनापासून आभार. काल दुपारी पाऊस उघडला तेव्हा पुन्हा खोलली. लोलकाच्या एका कोपऱ्याखाली कापसाचा एक तंतू होता, माझ्याच काडीचा. चिमट्याने काढला, लोलक दाबून बसवला, पट्टी लावली. कल गेला. क्षितिजाची एकच रेघ दिसते. बुरजाच्या उभ्या कडेला मात्र अजून अगदी बारीक दुहेरी सावली आहे. आवरणाची कड उचलून बघितली तर स्क्रूच्या डोक्यावर लाखेचा जुना थेंब तसाच आहे, म्हणजे तो कुणी फिरवलेला नसावा.

अण्णांनी संध्याकाळी पाव तास बघितलं, डोकं दुखलं नाही. खाडीत शाकारलेली एक बोट त्यांनी वरच्या ताडपत्रीवरून ओळखली आणि मालकाचं नावही सांगितलं. तर आता तो लाखेचा थेंब फोडू, की एवढ्यावर थांबू? चाकाचं ग्रीस उद्या दापोलीहून आणते.