वर्षश्राद्धापर्यंत थांबू नका

ताई, भाऊजी अपघातात गेले, त्यांच्या नुकसानभरपाईच्या दाव्याला वर कुणी तीन वर्षांची मुदत सांगितलीय, ती डोक्यातून काढून टाका. रस्ता अपघातात मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) नुसार सहाच महिने, तेही अपघाताच्या तारखेपासून. भाऊजी दीड महिना दवाखान्यात होते, तो काळ त्यातच गेला. (ही अट १ एप्रिल २०२२ पासूनची, त्याआधी १९९४ पासून मुदतच नव्हती, म्हणून जुनी मंडळी बिनधास्त असतात.) दोन वर्षं, मृत्यूपासून, ती १८५५ च्या जीवघेण्या अपघातांच्या कायद्याखालील दाव्याला, भिंत कोसळून कुणी गेलं, असली प्रकरणं.

अपघात देवासजवळचा असला तरी तुम्ही राहता त्या इंदूरलाच अर्ज करता येतो. एफआयआर, पोस्टमॉर्टमच्या प्रती आधी काढा. नावाचं स्पेलिंग आधारशी जुळतंय ना, बघा.